थोरल्याची पिल्लं

सूनबाई कमी बोलायची, आणि सलूनकाकांचं सगळं आयुष्य बोलणाऱ्या माणसांत गेलं होतं. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड गुंडाळलं की जे सुरू व्हायचं ते मागून आरसा दाखवेपर्यंत थांबत नसे. कुणाची सासू, कुणाचा साहेब, कुणाचं पोट. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि मधून मधून "अरे बाप रे" म्हणायचे. एवढ्या भांडवलावर गल्लीतलं सलून वर्षानुवर्षं छान चाललं. मग काकू गेल्या, गुडघे कुरकुरायला लागले, सलून दुसऱ्याच्या हातात गेलं आणि मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन आला. आपल्या म्हणजे सूनबाईच्याच म्हणा. मुलगा ट्रक चालवायचा, एकदा फेरीवर गेला की आठवड्या-दोन आठवड्यांनी उगवायचा. आणि घर होतं रोपवाटिकेच्या आवारात, जिथे सूनबाईचं राज्य.

आवार चांगलं ऐसपैस होतं. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने उभी, पत्र्याच्या शेडमध्ये मातीचे आणि खताचे ढीग, टाकीपासून निघालेले पाइप जाल तिथे पायात येणारे. आणि मागे डोंगर. मागच्या पिढीत लाकूडवाल्यांनी त्याच्यावर मनसोक्त हात साफ केला होता.

"कुणी भादरलाय हो हा?" पहिल्याच सकाळी काकांनी विचारलं होतं. "वस्तरा धरायची अक्कल नाही!"

त्या उघड्याबोडक्या डोंगरावर पुन्हा जंगल आणायचं, हे सूनबाईचं काम. आधी कुणीतरी घाईघाईने एकाच जातीची झाडं लावून पाहिली होती, आणि एका किडीने ती एका हंगामात फस्त केली होती. म्हणून आता सूनबाईची माणसं उरल्यासुरल्या रानातून नाना जातींचं बी गोळा करत, इथे रुजवत, वर नेऊन लावत, आणि लावल्यावरही कितीतरी वर्षं त्यांची पाठ सोडत नसत.

या सगळ्यात काकांना काम नव्हतं. पाण्याचं खातं एका मावशींकडे होतं, त्यांना सगळे पाणीमावशी म्हणत, आणि आपल्या पाइपला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. काकांनी झाडू घेतला तर कुणीतरी येऊन तो हळूच काढून घेई. त्यांनी चहा केला तर सूनबाई तो घेई, कप विसळून ठेवी आणि कामाला लागे. चांगला झालाय नाही, वाईट झालाय नाही. सलूनमध्ये एखादं गिऱ्हाईक गप्प बसलं तर त्याचा अर्थ एकच असायचा, की केस मनासारखे कापले गेले नाहीत आणि हा आता पुन्हा येणार नाही. सूनबाईच्या गप्प बसण्याचा काकांनी तोच अर्थ लावला. म्हातारा जड झालाय, तोंडाने कशी सांगणार बिचारी.

एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात शब्द टाकून ठेवला. रस्त्याकडची खोली रिकामी झाली होती. मुलगा या फेरीवरून परतला की त्याला सांगायचं आणि त्याच्याच ट्रकमध्ये बसून निघायचं, असं काकांनी मनाशी पक्कं केलं. बॅग भरून कॉटखाली सरकवून ठेवली.

त्यांना जायचं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. सकाळी पायरीवर बसलं की मांडवाकडून ओल्या मातीचा वास यायचा, तो त्यांना आवडायचा. सूनबाई शेजारी बसून बूट घालायची, तेही आवडायचं. पण इथेच राहू दे म्हणायला जीभ काही केल्या उचलत नव्हती.

डोंगरावर तोडीतून एकच मोठं झाड वाचलं होतं. खोड आतून पोकळ, म्हणून लाकूडवाल्यांनी नाक मुरडून सोडून दिलेलं. सगळे त्याला थोरला म्हणत. त्या जातीचं दुसरं झाड आसपास कुणाच्या पाहण्यात नव्हतं. थोरला कितीतरी वर्षांतून एकदा फळायचा. तसा तो फळला, सूनबाईने खाली पडलेलं बी वेचून आणलं, आणि पुढच्याच वादळात थोरला मुळासकट आडवा झाला. ते बी आवाराच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात पेरलेलं होतं. महिन्यांमागून महिने गेले तरी वरची माती जशीच्या तशी. "थोरल्याची पिल्लं भलतीच आळशी," पाणीमावशी म्हणायच्या. सूनबाई मात्र संध्याकाळी डोंगरावरून उतरली की बूट काढायच्या आधी त्या वाफ्यापाशी जायची आणि उभी राहायची.

लागवडीचा हंगाम जवळ आला, खड्डे खणायचे होते, आणि सूनबाईला काही दिवस वर छावणीतच राहावं लागणार होतं. निघताना ती काकांना म्हणाली, "बाबा, कोपऱ्यातला वाफा तुमच्याकडे. सकाळ-संध्याकाळ बारीक झारीने पाणी. बाकी काही करू नका."

"आणि मी काय मेले?" पाणीमावशी तिकडून म्हणाल्या.

"मावशी, तुमचा हात जड आहे. बी वाहून जाईल."

"माझा हात जड! ऐका हो काका, ऐका."

काकांनी ऐकलं कुठे! त्यांच्या छातीत काहीतरी लख्ख झालं होतं. सूनबाईने इतकी माणसं सोडून आपल्याला काम सांगितलं होतं. जायच्या आधी हे एवढं काम असं करून दाखवायचं की मागे तिने नाव काढलं पाहिजे.

आणि ऐका नवल, ती गेली आणि वाफा उगवला. ठिकठिकाणी हिरवेगार कोंब वर आले. जाडजूड देठ, रुंद पानं, रोज दुप्पट होणारी तब्येत. काकांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. थोरल्याला शोभतील अशी पोरं होती! त्यांनी कुणाला म्हणून सांगितलं नाही, मावशींना तर नाहीच, कारण मावशींना सांगणं म्हणजे डोंगरावर कर्णा लावून सांगणं. सूनबाई आली की तिला एकदम दाखवायचं आणि मगच बॅग बाहेर काढायची. तोवर काकांनी त्या कोंबांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. ऊन चढलं की स्वतःची छत्री त्यांच्यावर धरली. कुणी नाही असं पाहून त्यांच्याशी सलूनमधल्यासारख्या गप्पाही मारल्या.

ती परतायची होती त्या दिवशी सकाळी काका झारी घेऊन गेले आणि जागच्या जागी थांबले. वाफाभर, जिकडेतिकडे, लालसर तपकिरी धागे वर आले होते. केसांसारखे बारीक, टोकाला मिटलेली इवली पानं, मान वाकडी करून उभे. तासलेल्या गालावर दुसऱ्या दिवशी खुंट फुटावेत तसे.

तण! बाकी काही करू नका, हे सूनबाईचं बोलणं त्यांना आठवलं, आठवलं नाही असं नाही. पण डोळ्यांदेखत तण पोरांच्या तोंडचा घास पळवतंय म्हटल्यावर स्वस्थ बसणार कोण? त्यांनी आपल्या जुन्या पेटीतून चिमटा आणला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एकेक धागा उपटायला घेतला. माती ओली, हात सरावाचा. अलगद धरायचं, सरळ वर घ्यायचं, मुळासकट बाहेर. सलूनमध्ये जमिनीवर पडलेला केस त्यांना कधी बघवला नव्हता, तेव्हा इथेही त्यांनी कचरा वाटेवर टाकला नाही. खांद्यावरचा नॅपकिन उन्हासाठी भिजवलेला होता, त्यातच सगळं गोळा करत गेले.

"काय चाललंय सकाळपासून?" मावशींनी लांबून विचारलं.

"गुपित आहे," काका म्हणाले.

दुपारपर्यंत वाफा असा दिसायला लागला की भांग पाडून कुठल्या समारंभाला निघालाय.

सूनबाई आली ती धुळीने माखलेली, थकलेली. काकांनी तिला पाणी प्यायलाही सवड दिली नाही. कोपऱ्यात नेलं आणि म्हणाले, "डोळे मीट."

तिने खरोखरच मिटले. आणि हसली. इतक्या दिवसांत काकांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"उघड आता!"

तिने डोळे उघडले. हसू काही क्षण ओठांवर तसंच राहिलं, मग गेलं. ती खाली वाकली, एका रुंद पानाला बोट लावलं, मातीवरून नजर फिरवली.

"बाबा, इथे दुसरं काही उगवलं होतं का?"

"होतं ना! आजच सकाळी. लाल, केसासारखं तण. सगळं काढलं. एक ठेवलं नाही."

तोवर मावशी येऊन ठेपल्याच होत्या. त्यांनी एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "अहो काका! हेच तर तण! रस्त्याच्या कडेला उगवतं ते, शेळी तोंड लावत नाही त्याला! तुम्ही उपटलंत ना, तीच थोरल्याची..."

"मावशी," सूनबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मावशी गप्प झाल्या.

काका वाफ्याच्या कडेला बसले. आपण काय केलं ते त्यांना हळूहळू कळत होतं, आणि जसजसं कळत होतं तसतसं पुढचं कळू नये असं वाटत होतं. सूनबाई टाकीमागे गेली. तिकडचा नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. त्या आवाजातूनही तिचं रडणं काकांना ऐकू आलं. ती हुंदके देऊन रडत होती.

मग नळ बंद झाला. ती तोंड धुऊन आली, डोळे लाल. "कुठे टाकलीत?"

"काय?"

"उपटलेली, बाबा. कुठे आहेत?"

काकांनी नॅपकिनचं गाठोडं पुढे केलं. ते अजून त्यांच्या हातातच होतं. तिने ते तिथेच गुडघे टेकून उलगडलं. धागे एकमेकांवर निजले होते, काही माना टाकलेले, काही अजून ताठ. तिने एक उचलून उन्हाकडे धरला.

"मुळं ओली आहेत," ती म्हणाली. "मावशी, ट्रे आणा. चाळलेली माती घ्या. बाबा, उठा. सावलीत चला."

शेडमधल्या बाकावर तिने ट्रे मांडले, माती भिजवली, आणि करून दाखवत सांगितलं. रोप धरायचं ते पानाला, देठाला कधीच नाही. पान गेलं तर दुसरं येईल, देठ चिमटला की खेळ संपला. बारीक काडीने भोक करायचं, मूळ त्यात सरळ खाली सोडायचं. मुळाचं टोक वर वळलं तर रोप काही वर्षं ठणठणीत दिसतं, आणि मग एखाद्या वाऱ्यात अख्खं झाड उलटतं.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "माझा हात नको. तू कर, मावशी करतील."

"माझा हात जड आहे," मावशी लगेच म्हणाल्या. आज त्यांना त्याचा अजिबात राग नव्हता.

"आणि माझे आत्ता असे आहेत," सूनबाईने हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "चिमट्याने काढलीत तुम्ही, एकाचंही मूळ तुटलेलं दिसत नाही. बसा, बाबा."

काका बसले. पहिलं रोप त्यांनी पानाला धरून उचललं. सलूनमध्ये कधी कधी आयांच्या मांडीवर बसून तान्ही पोरं यायची, कात्री पाहिली की डोकं गदागदा हलवायची. तेव्हा काका डोक्यावर हात ठेवायचे तो नुसता ठेवायचे, दाबायचे नाहीत, आणि पोर थांबायचं. तसाच हात त्यांनी आता ठेवला. मूळ सरळ आत गेलं. मग दुसरं. मग पुढचं. सूनबाई एकेक धागा सोडवून देत होती, मावशी ट्रे सरकवत होत्या. संध्याकाळ होईपर्यंत कुणी अवाक्षर बोललं नाही. सूनबाई काम करते तेव्हा अशीच असते, तिच्या गप्प बसण्यात राग नसतो, हे काकांना त्या दुपारी उमगलं. आज मात्र राग असता तरी त्यांनी तो निमूट घेतला असता.

पुढचे दिवस काकांना फार जड गेले. ट्रे मांडवाखाली सावलीत ठेवले होते, आणि रोज सकाळी त्यात काही रोपं आडवी पडलेली असायची. मान मऊ पडायची आणि रोप कोलमडायचं. आडवी पडलेली लगेच काढावी लागत, नाहीतर शेजारची जात. ते काम काकांनी कुणाला करू दिलं नाही. एकेक रोप काढताना त्यांना गलबलून यायचं. जायचं की नाही हा प्रश्नच आता उरला नव्हता. आधी ते नुसते जड होते, आता तर गुन्हेगार होते.

सूनबाई रोज त्यांच्या शेजारी उकिडवी बसून ट्रे पाहायची. एका सकाळी तिने एका रोपाकडे बोट केलं. दोन कोवळ्या पानांच्या मधून तिसरं पान निघालं होतं, चिवट, चकचकीत.

"हे खरं पान," ती म्हणाली. "ज्यांना हे आलं ती आता जगतील."

काकांनी चष्मा पुसून सगळे ट्रे पुन्हा पाहिले. तशी रोपं फार नव्हती. जेवढी लावली होती त्यातली बरीचशी गेली होती. उरलेली सगळी मिळून एका ट्रेमध्ये मावली असती.

त्याच दिवशी दुपारी मुलगा आला. या वेळी फेरी इथलीच होती, पिशव्यांतली तयार रोपं डोंगरावर न्यायची होती. त्याने ट्रक मागे घेऊन मांडवाला लावला, खाली उडी मारली, आणि पाहतो तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग हातात घेऊन उभे.

"कुठे निघालात?"

"मला वाटेत सोड," काका म्हणाले. "तिकडे वृद्धाश्रमात खोली मिळालीय. बोलणं झालंय सगळं."

मुलाने बॅगेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि शेडच्या दिशेने हाक मारली. "अगं, ऐकलंस का हे?"

सूनबाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत मातीचे. "कुठली खोली?"

काकांनी सांगितलं. वाक्यं त्यांनी आधीच जुळवून ठेवली होती. तिथे डॉक्टर जवळ आहे. गुडघ्यांना चढउतार नाही. बरोबरीची माणसं आहेत, गप्पांना सोबत होईल. तुम्हा दोघांना कामं आहेत, माझ्यामागे कुठे धावणार? ती सगळं ऐकत राहिली.

"आणि वाफा?" तिने विचारलं.

काकांची जुळवलेली वाक्यं संपली. "तेही आहेच," ते म्हणाले. "तुझं केवढं नुकसान केलं मी. थोरला काय परत फळणार आहे?"

"नाही फळणार." तिने ते गोड करून सांगितलं नाही. "नुकसान मोठं झालं, बाबा. मी पोटभर रडले. अजूनही त्या वाफ्याजवळून गेलं की रडू येतं. पण ते रोपं गेली म्हणून. तुम्ही घरात आहात म्हणून मला कधी वाईट वाटलेलं नाही. या दोन गोष्टी एकत्र कशाला करता?"

काकांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"जायचं असेल तर मी अडवणार नाही," ती म्हणाली. एका दमात इतकं बोलायची तिला सवय नव्हती, तिचा चेहरा लाल झाला होता. "पण डॉक्टर आणि गुडघे मला सांगू नका. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

कसं हवंय, मागून बारीक करू का, कानावर ठेवू का, हे काकांनी जन्मभर लोकांना विचारलं होतं. त्यांना स्वतःला असं समोर उभं राहून कुणी विचारलं नव्हतं. काकूंना न विचारता कळायचं. काकांनी मुलाकडे पाहिलं, तो किल्लीशी चाळा करत उभा होता. पलीकडे मावशींनी पाणी बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"मला..." काका म्हणाले. "मला जायचं नाहीये."

"काय म्हणाले?" मावशी तिकडून ओरडल्या.

"मला जायचं नाहीये!" काकाही ओरडले. "मला इथेच राहायचंय! तुमच्यात राहायचंय!"

आणि इतका मोठा माणूस भर अंगणात इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागला.

सूनबाईने पुढे होऊन त्यांच्या हातातली बॅग घेतली, मातीच्या हातांनीच. "मग राहा ना, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मी तर तुम्ही आलात त्या दिवसापासून तेच धरून चालले होते."

मुलाने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि शेवटी न राहवून विचारलं, "म्हणजे मग मी न्यायचं कुणाला?"

"रोपं ने," सूनबाई नाक पुसत म्हणाली. "ट्रक त्यासाठीच बोलावलाय."

ती बॅग आत ठेवायला गेली. काकांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, मांडवाखालची पहिली पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि ट्रकवर चढलेल्या मुलाच्या हातात दिली.